फडातल्या मुलाचा जाहीरनामा

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या अंगणवाडी ताई, आशा, मजूर आयाबाया, डॉक्टर आणि शिक्षक.

उजनीच्या पाण्यावर इथं ऊस डोलतो. त्याच उसाच्या बांधावर, बाहेरून ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या कोपीत, दीड वर्षाचं लेकरू चहात बुडवलेल्या बिस्किटावर दिवस काढतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल त्या हिशेबानं. लेकराला त्या हिशेबात जागा नाही. गावच्या अंगणवाडीत ते ‘बाहेरगावी’, फडाजवळच्या गावात परकं. त्याचं वजन कोणीच करत नाही.

आई निष्काळजी म्हणून मूल वाळतं, हे आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या बाईनं दिवसातून पाच वेळा भरवायचं कधी?

आम्ही मानतो की तीव्र कुपोषण हा आजार आहे आणि तो बरा होतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, पट्टी लाल रंगावर आली, की उपचार त्याच दिवशी सुरू झाले पाहिजेत. दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा तसाच राहिला, तर ते बाळसं नव्हे, सूज आहे. असं मूल थेट दवाखान्यात. भूक शाबूत असलेलं, दुसरं दुखणं नसलेलं मूल मात्र गावातच, ग्राम बाल विकास केंद्रात सावरू शकतं. कुपोषित मुलं शोधून त्यांना अंगणवाडीतून मोफत आहार देणं २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सरकारवर बंधनकारक आहे. त्या कायद्यात गावाची वेस आडवी येत नाही. ती आपणच घातली.

ती आम्ही काढणार. कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडेल त्या आठवड्यात आम्ही पट्टी घेऊन कोपीकोपीत जाऊ. लेकरू कुठल्याही जिल्ह्याचं असो, जवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव लागेल.

दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रातून आई चौथ्या दिवशी मूल उचलून निघते, कारण मजुरी बुडते आणि थोरली पोर कोपीत एकटी असते. त्या पोरीला आम्ही पाळीपाळीनं सांभाळू. बुडीत मजुरी तिथल्या तिथं आईच्या हातात पडावी, यासाठी भांडू. मुकादमांना सांगू, दवाखान्याचे दिवस खाडा धरायचे नाहीत. त्यांनाही लेकरं आहेत. बरेच जण ऐकतील. कारखान्यांकडं आमची एकच मागणी आहे : तोडीच्या मुक्कामावर पाळणाघर आणि दुपारी गरम खाऊ.

ज्याला वजनकाटा धरता येतो, ज्याला मूल कडेवर घेता येतं, त्यानं आमच्यात यावं. हंगाम तोंडावर आहे.