शेपटावरचा 'टू'

मौनी विद्यापीठाच्या आमच्या गारगोटीत इंग्रजीच्या शिकवणीला मुले हटकून विचारतात, "सर, 'आय वॉन्ट टू' हे वाक्य अर्धवट नाही का?" मुळीच नाही! 'डू यू वॉन्ट टू गो?' या प्रश्नातले 'गो' उत्तरात अध्याहृत आहे. 'टू' ही त्याची खूण. ती पुसून नुसते 'आय वॉन्ट' म्हटले की वाक्य लंगडे. मराठीत मात्र 'जायला आवडेल का?' याला 'आवडेल' एवढे पुरते. आमचा 'ला' क्रियापदाला चिकटलेला. जातो तो त्याच्यासकट. म्हणून मुले 'टू' खातात नि गुण गमावतात.

परवा एकीला विचारले, "डू यू वॉन्ट टू स्टडी फर्दर?"

"आय वॉन्ट टू, बट..."

'टू' बिनचूक होता. 'बट'पुढचे अध्याहृत मात्र व्याकरणात सापडेना. ते तिच्या घरी जाऊन वडिलांनाच विचारावे लागले.