उन्हाचा घाव आणि पेशीतील लेखनिक

सूर्याला अर्घ्य देऊन दिवसाचा आरंभ करणाऱ्या आमच्या समाजाला, तोच सूर्य काही जणांचा वैरी ठरतो हे सहसा पटत नाही. झेरोडर्मा पिगमेंटोझम या दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या रुग्णांचे दुःख मात्र नेमके हेच आहे.

पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएतील सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांची नक्कल होते. हे काम पॉलिमरेज नावाची विकरे करतात. त्यांतील मुख्य लेखनिक अत्यंत काटेकोर आहेत. चुकीचे अक्षर पडले तर ते स्वतःच खोडतात. परंतु उन्हातील अतिनील किरणांनी शेजारच्या दोन थायमिन अक्षरांना एकमेकांत जखडून टाकले, की या लेखनिकांची लेखणी तेथेच अडते. अशा वेळी ‘पॉलिमरेज ईटा’ हा दुसरा लेखनिक पुढे येतो. एरवी चुका करणारा हा गडी त्या जखडलेल्या जोडीसमोर मात्र दोन ॲडेनिन बहुधा अचूक मांडतो आणि बाजूला होतो. घाव तसाच राहतो, पण नक्कल थांबत नाही.

या विकाराच्या बहुतेक प्रकारांत घाव दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. ‘व्हेरियंट’ प्रकारात ती शाबूत असूनही रोग का होतो, हे कोडे होते. या रुग्णांत पॉलिमरेज ईटाच सदोष असतो, हे १९९९ साली जपानी व अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. त्याच्या जागी इतर लेखनिक कसेबसे काम उरकतात, चुका साचतात आणि त्यांतून त्वचेचा कर्करोग उद्भवतो.

म्हणजे दोष ना पूर्वजन्मीच्या पापाचा, ना ग्रहणकाळी घराबाहेर पडलेल्या मातेचा. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा विकार होतो, आणि ते दोघेही बहुधा निरोगी असतात. नात्यातल्या विवाहांत हा धोका वाढतो. मामेबहिणीशी सोयरीक जुळवणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

या विकारावर आज मुळातून उपाय नाही. परंतु लहानपणापासून ऊन कटाक्षाने टाळले, अंगभर कपडे व चष्मा वापरला आणि त्वचेची नियमित तपासणी केली, तर पुष्कळ हानी टळते. अशा मुलाला शाळेने भर उन्हातल्या कवायतीतून सूट द्यावी. शेजाऱ्यांनी त्याच्या आईला बोल लावू नयेत. विज्ञानाने कारण दाखवून दिल्यावरही आम्ही दैवालाच दोष देत राहिलो, तर ते अज्ञान नव्हे, निष्ठुरता ठरेल.