मोहाची भट्टी: गुन्हा की वारसा?

दीपनगरच्या उत्तरेला, तापीपलीकडच्या सातपुड्यात चैत्रात मोहाची फुले गळतात. ती वाळवून, आंबवून भिल्ल-पावरा घरे पूर्वापार दारू गाळत आली. सणात पहिला मान देवाचा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याविना दारू गाळणे गुन्हा ठरवले. नाव शिस्तीचे, ओढ महसुलाची: घरोघरी भट्टी असेल तर मक्तेदाराच्या दुकानात जाणार कोण? स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हा गुन्हा कायमच ठेवला.

पुण्यात मात्र २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि छोट्या भट्टीची ताजी बिअर रसिकतेची खूण बनली. सातपुड्यातली तीच कारागिरी आजही ‘हातभट्टी’ म्हणून पंचनाम्यात जाते. हा न्याय विचित्रच. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मानून अलीराजपुरात आदिवासी बचत गटाला ती गाळू दिली. यावल-चोपड्यातल्या गटांनाही तसाच परवाना मिळायला हवा.