पट मोठा, पडदा लहान

मोठ्या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती काढताना संपादकाची जी कसोटी लागते, तीच व्यूहरचनेचा गुंतागुंतीचा व्हिडिओ गेम संगणकावरून दूरचित्रवाणीला जोडायच्या कन्सोलवर, किंवा हातात मावणाऱ्या यंत्रावर नेताना रचनाकाराची लागते. मुरलेले खेळाडू गाळलेल्या गोष्टींची यादी करतात आणि ‘खेळ बाळबोध केला’ असा शेरा मारून मोकळे होतात. हा निवाडा उतावीळपणाचा आहे.

‘सिव्हिलायझेशन’चेच पाहावे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला हा खेळ १९९१ मध्ये संगणकासाठी निघाला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक वसाहत वसवायची आणि शेती, लेखनविद्या, युद्ध, तह असे टप्पे ओलांडीत अवकाशयुगापर्यंत पोचायचे. पाळीपाळीने खेळायचे असल्याने घाई नाही. पण शहरे, फौजा आणि मजूर यांना आज्ञा देता देता रात्री सरतात. माऊसचा बाण पडद्याच्या कोणत्याही कोपऱ्यात क्षणात पोचतो, म्हणून हे निभते. कन्सोलच्या कंट्रोलरवरची दांडी त्याच बाणाला ढकलत ढकलत नेते. शिवाय खेळणारा पडद्यापासून दूर, दिवाणखान्याच्या पलीकडच्या भिंतीशी बसलेला. आकड्यांचे बारीक तक्ते त्याने वाचावेत कसे?

यावर २००८ मध्ये खुद्द मायर यांनीच ‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’ रचून उत्तर दिले. हा खेळ प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि हातातल्या निन्टेण्डो डीएससाठी होता. त्यातून मजूर हद्दपार झाले. रस्ता हवा तर सोने मोजून विकत घ्यायचा. डाव एका बैठकीत संपू लागला. शहर कोठे वसवावे, कोणती विद्या आधी शिकावी, शेजाऱ्याशी तह करावा की युद्ध, हे निर्णय मात्र राहिले. गेले ते बव्हंशी हाताचे कष्ट. तरीही काही खरोखरच हरवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. शंभर पाळ्यांपूर्वी केलेली चूक सावकाश वर येऊन गळ्याशी लागते, ती बोच आखूड डावात येत नाही.

याउलट मार्ग २०१८ चा. दोन वर्षांपूर्वी संगणकावर आलेले ‘सिव्हिलायझेशन ६’ जवळजवळ जसेच्या तसे निन्टेण्डो स्विचच्या ६.२ इंची पडद्यावर उतरवले गेले. संक्षेपाची तक्रार मिटली. अक्षरे मात्र डोळे ताणून वाचावी लागली. निष्ठेचीही किंमत असतेच, आणि ती वाचकाच्या, म्हणजे येथे खेळाडूच्या, डोळ्यांनी चुकवायची असते.

घड्याळ न थांबणाऱ्या खेळांत पेच अधिक बिकट. तेथे बाण पोचायला उशीर म्हणजे पराभवच. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या कर्त्या एन्सेम्बल स्टुडिओजने २००९ मध्ये ‘हॅलो वॉर्स’ मुळातच कन्सोलसाठी रचला. तळांच्या जागा ठरलेल्या ठेवल्या आणि एका कळीसरशी सारी फौज निवडता येईल अशी सोय केली. पण सर्वांत समंजस तोड निघाली ती १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आली तेव्हा. लाकडावर किती माणसे, धान्यावर किती, एवढे खेळाडूने ठरवावे. गावकऱ्यांना कामाला जुंपणे यंत्राने पाहावे. मूळ पट न कापता कारकुनी तेवढी काढून घेतली गेली. कचेरीत ज्यांनी नोंदवह्या भरल्या आहेत, त्यांना धोरण आणि नोंद यांतला हा फरक सांगायला नको.

आता प्रवाह उलटा वाहू लागला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘सिव्हिलायझेशन ७’ संगणक, कन्सोल आणि स्विच यांवर एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. पडद्यावरच्या मांडणीविरुद्ध संगणकावरच्या खेळाडूंनी ओरड केली, आणि ती पुष्कळशी रास्त होती. ज्याला मेजावर मोठा पडदा आणि माऊस आहे, त्याने दिवाणखान्यातल्या माणसाची मांडणी का सोसावी? पण याच खेळात मजुरांचे वेगळे पथक नाही; शहर वाढले की शेत किंवा खाण आपोआप उभी राहते, जागा तेवढी खेळाडूने दाखवायची. सतरा वर्षांपूर्वी लहान यंत्रासाठी रजा दिलेला मजूर मोठ्या यंत्रावरूनही गेला आहे.