आयपीवरच्या स्टोरेजला नावं ठेवण्याआधी

सर्व्हर आणि स्टोरेज विकणारे, आणि ते कोणतं घ्यावं याचा सल्ला देणारे, या मंडळींत एक मत फार ठामपणे मांडलं जातं. अलीकडे एका ज्येष्ठ सल्लागारांनी ते भरल्या सभागृहात पुन्हा मांडलं. समोर जिल्ह्याच्या ठिकाणची रुग्णालयं, महाविद्यालयं, पतसंस्था यांची माणसं वह्या उघडून बसली होती आणि ऐकलेलं उतरवून घेत होती. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. डिस्क एकतर सर्व्हरच्या पोटात असावी, नाहीतर फायबर चॅनेलवर, म्हणजे स्टोरेजसाठीच्या स्वतंत्र नेटवर्कवर, असावी. मधला मार्ग नाही. आयपी नेटवर्कवर पॅकेट हरवतात आणि डिस्कला हरवणं चालत नाही. आयपी हळू आहे. आयपी असुरक्षित आहे. ते सांभाळायला माणसं मिळत नाहीत. ज्यांना आपल्या डेटाची किंमत कळते, ते आय-स्कझीच्या, म्हणजे आयपी नेटवर्कवरून डिस्क देण्याच्या पद्धतीच्या, वाटेला जात नाहीत.

पहिल्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या, म्हणून तोच आधी घेतो.

पॅकेट हरवतात हे खरं आहे. इथरनेटचा स्विच तुंबला की तो पॅकेट टाकून देतो. पण आय-स्कझी इथरनेटवर उघडीवाघडी सोडलेली नाही, ती टीसीपीवर बसवलेली आहे, आणि हरवलेलं पुन्हा पाठवणं व क्रम लावून देणं हे टीसीपीचं मूळ कामच आहे. एप्रिल 2004 मध्ये आरएफसी 3720 म्हणून ही पद्धत प्रमाणित झाली, 2014 मध्ये आरएफसी 7143 ने ती एकत्र, सुधारून मांडली. ती लिहिणाऱ्यांना नेटवर्क कसं असतं हे ठाऊक होतं. टीसीपीची चेकसम अवघी 16 बिटांची, डिस्कवरच्या डेटासाठी अपुरी, हेही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हेडर आणि डेटा दोन्हींसाठी सीआरसी32सी डायजेस्टची सोय ठेवली. ती सोय आपणहून चालू करावी लागते. सभागृहात डेटाच्या शुद्धतेवर इतकं बोलणं झालं, त्यात डायजेस्टचा उल्लेख एकदाही आला नाही.

म्हणजे पॅकेट हरवल्याने डेटा जात नाही, वेळ जातो. हा वेळ मी क्षुल्लक मानत नाही. लिनक्सवर टीसीपीची पुन्हा पाठवण्याची किमान मुदत साधारण 200 मिलिसेकंद असते. जी डिस्क एका मिलिसेकंदात उत्तर देते तिच्यासाठी हा फार मोठा काळ आहे. तेव्हा खरा प्रश्न असा, की पॅकेट हरवतात कशामुळे? स्विच तुंबतो म्हणून. आणि तो तुंबतो, कारण आपण स्टोरेज, कॅमेरे, हजेरीचं यंत्र, फोन, स्वागतकक्षाचा वाय-फाय असं सगळं एकाच स्विचमध्ये कोंबतो. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या गर्दीत रुग्णवाहिका घालायची आणि उशीर झाला की रुग्णवाहिकेच्या इंजिनाला दोष द्यायचा, असा हा न्याय आहे.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण असेच प्रसंग पुढे 'आय-स्कझीचा अनुभव' म्हणून सांगत फिरवले जातात. तालुक्याच्या ठिकाणचं एक रुग्णालय. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा ज्या सर्व्हरवर, त्याची डिस्क आय-स्कझीने स्टोरेजवरून आलेली. एका दुपारी प्रतिमा साठवणं बंद पडलं. सर्व्हर चालू, स्टोरेजचे दिवे हिरवे, पण फाइल लिहिता येईना. लॉगमध्ये ईएक्सटी4 ने आधी लिहिताना त्रुटी आल्याचं नोंदवलं होतं आणि त्याखाली फाइलसिस्टिम रीड-ओन्ली केल्याची ओळ होती. पुरवठादाराने येऊन सांगितलं, 'आय-स्कझी असंच करते, पुढच्या वेळी फायबर घ्या.'

प्रत्यक्षात झालं होतं असं. सर्व्हर एका स्विचवर, स्टोरेज दुसऱ्यावर, दोन्ही स्विचमध्ये एकच केबल. कॅमेऱ्यांचं काम करणाऱ्या माणसाने रॅकमध्ये जागा करायला ती केबल काढली आणि लगेच परत लावली. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं. पण स्विचवर जुन्या पद्धतीची स्पॅनिंग ट्री चालू होती. त्या पद्धतीत पोर्ट वर आला की 15 सेकंद ऐकतो, 15 सेकंद शिकतो, आणि मगच वाहतूक पुढे सोडतो. झाली 30 सेकंदांची शांतता. तीही निभावली असती. लिनक्सच्या आय-स्कझीत सत्र तुटल्यावर वाट पाहण्याची मुदत असते, रिप्लेसमेंट टाइमआउट. ती मुळात 120 सेकंद असते. तेवढा वेळ लिहिणं रांगेत थांबतं, जोडणी परत आली की पुढे सरकतं. पडदा अर्धा-पाऊण मिनिट गोठला असता, कुणीतरी कुरकुर केली असती, आणि काम पुढे चाललं असतं.

इथे मात्र कुणीतरी ती मुदत 5 सेकंदांवर आणून ठेवली होती. हा आकडा कुठून आला हे उघड आहे: मल्टिपाथच्या मार्गदर्शिकेतून. दोन स्वतंत्र वाटा असतील तेव्हा मुदत कमी ठेवणं बरोबरच असतं, कारण पहिल्या वाटेची त्रुटी लवकर वर गेली की मल्टिपाथ तीच मागणी दुसऱ्या वाटेने पाठवतो. इथे दुसरी वाट नव्हतीच. सर्व्हरच्या दोन केबली एकत्र बांधून त्याच एका स्विचला लावल्या होत्या. त्रुटी झेलायला मध्ये कुणी नाही, ती थेट फाइलसिस्टिमवर जाऊन आदळली, आणि फाइलसिस्टिमने शहाणपणाने लिहिणं थांबवलं. इतक्या पडझडीत योग्य वागलेली तीच एक.

आता या प्रसंगात आयपीचा दोष नेमका कोणता? जो माणूस फायबर चॅनेल विकतो, तो ते कसं बसवून देतो ते पाहा. दोन स्विच. दोन संपूर्ण वेगळ्या फॅब्रिक, अ आणि ब, एकमेकींना कुठेही न जोडलेल्या. सर्व्हरला दोन एचबीए कार्डं, स्टोरेजला दोन कंट्रोलर, वर मल्टिपाथ. त्या स्विचला कॅमेरा लावायला कुणी येत नाही, कारण लावताच येत नाही. इतकं सगळं केल्यावर ते भरवशाने चालतं यात नवल नाही. हीच रचना आयपीला द्या आणि मग तुलना करा. एकाला दोन फॅब्रिक द्यायच्या, दुसऱ्याला कपाटामागचा आठ पोर्टांचा स्विच द्यायचा, आणि निकाल पद्धतीवर लिहायचा, ही परीक्षा खोटी आहे. गृहस्थ इतकी वर्षं या धंद्यात आहेत. त्यांना हे कळत नाही असं मी मानत नाही. कळूनही ते सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

आणि फायबर चॅनेलला कधीच काही होत नाही, हेही खरं नव्हे. तिथे समोरच्याकडे जागा असल्याशिवाय फ्रेम पाठवली जात नाही. बफर क्रेडिटची ती पद्धत सुरेख आहे, मला तिचा आदर आहे. पण त्याच पद्धतीचा एक जुना आजार आहे. एखादा सर्व्हर मंद झाला, फ्रेम वेळेवर उचलेना, की क्रेडिट अडकतात आणि ज्यांचा काही संबंध नाही असे शेजारचे सर्व्हरही घुसमटतात. त्या क्षेत्रात काम करणारे याला स्लो ड्रेन म्हणतात. गर्दीचा त्रास दोन्हीकडे आहे. एकीकडे पॅकेट टाकली जातात, दुसरीकडे सगळे थांबून राहतात.

हा वाद नवा नाही. ज्यांची पंधरा-वीस वर्षं सर्व्हरच्या खोल्यांत गेली आहेत, त्यांना एफसीओई, म्हणजे इथरनेटवरून फायबर चॅनेल, आठवत असेल. 2009 मध्ये तिचं प्रमाण ठरलं. तेव्हाही हेच सांगितलं गेलं होतं, की इथरनेटवर स्टोरेज चालायचं तर आधी इथरनेट पॅकेट न टाकणारं करावं लागेल, त्यासाठी वेगळे स्विच आणि वेगळी कार्डं घ्यावी लागतील. किती ठिकाणी आराखडे झाले, किती बैठकांत आय-स्कझीचं नाव काढणाऱ्याला अडाणी ठरवलं गेलं. आज नव्याने कुणी एफसीओई मागत असेल तर तो विरळा. उलट एनव्हीएमई, म्हणजे आजच्या सगळ्यांत वेगवान डिस्कची भाषा, नेटवर्कवर न्यायची वेळ आली तेव्हा 2018 मध्ये साध्या टीसीपीवर चालणारी पद्धत मंजूर झाली आणि 2019 च्या लिनक्स 5.0 मध्ये ती आलीसुद्धा. ज्या टीसीपीवर स्टोरेज चालणारच नाही म्हणत होते, त्याच टीसीपीवर.

बाकीचे मुद्दे लवकर संपतात.

हळू म्हणाल, तर 1 गिगाबिटच्या एका वाटेवर सेकंदाला जेमतेम 110 मेगाबाइट मिळतात आणि ते कमी पडतात, हे मान्य. पण 10 गिगाबिट इथरनेटचं प्रमाण 2002 चं आहे, 25 गिगाबिटचं 2016 चं. गृहस्थांच्या तुलनेत आयपीच्या बाजूला 1 गिगाबिट होतं आणि फायबरच्या बाजूला 16.

असुरक्षित म्हणाल, तर वेगळा व्हीएलॅन, टार्गेटवर, म्हणजे स्टोरेजच्या बाजूला, कोणत्या आयक्यूएनला (सर्व्हरच्या आय-स्कझी नावाला) प्रवेश आहे याची यादी, दोन्ही बाजूंनी चॅप, आणि 3260 पोर्ट फक्त स्टोरेजच्या पत्त्यावर उघडा. चॅप ओळख पटवतं, डेटा झाकत नाही. म्हणूनच नेटवर्क वेगळं हवं.

माणसं मिळत नाहीत म्हणाल, तर फायबर चॅनेलचं झोनिंग येणारी माणसं तालुक्याला कुठे मिळतात, हेही सांगावं. स्विच आणि आयपी पत्ता समजणारी मुलं प्रत्येक पॉलिटेक्निकमधून बाहेर पडतात.

आणि भाषणाच्या उत्तरार्धात याच गृहस्थांनी 'क्लाउडवर जा' असा सल्ला दिला. ॲमेझॉनची ईबीएस ही क्लाउडवरची डिस्कसेवा 2008 पासून आहे, ॲमेझॉनचा मुंबई रीजन 2016 पासून. तिथल्या व्हर्च्युअल मशीनला लावलेली ईबीएस डिस्क त्या मशीनच्या पोटात नसते, नेटवर्कवरूनच येते. पहिल्या अर्ध्या तासात जे घातक होतं, ते दुसऱ्या अर्ध्या तासात उपाय झालं.

मग करायचं काय? हे सांगायला कमी जागा लागते, कारण करणं अवघड नाही, फक्त ते चुकवता येत नाही.

स्टोरेजसाठी दोन स्विच वेगळे ठेवा. त्यांना दुसरं काहीही लावू नका, आणि ते दोन वेगळ्या यूपीएसवर असू द्या. दोन सबनेट घ्या, प्रत्येक स्विचवर एक; सर्व्हरचा एक पोर्ट इकडे, एक तिकडे; स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरचे पोर्ट दोन्हीकडे. दोन केबली बांधून एक करण्याचा मोह टाळा. बाँडिंगमध्ये एक सत्र सहसा एकाच केबलीवरून जातं, दुप्पट वेग त्याला मिळत नाही. दोन वाटा मल्टिपाथच्या हाती द्या. सर्व्हरचे पोर्ट स्विचवर एज म्हणून नोंदवा, म्हणजे ते 30 सेकंद जाणार नाहीत. जम्बो फ्रेम हवीच असेल तर 9000 चा एमटीयू सर्व्हर, स्विच, स्टोरेज तिन्हींवर लावा, आणि 8972 बाइटांचा, तुकडे न करण्याची अट घातलेला पिंग पलीकडे पोचतो का ते पाहा. नाही पोचला तर 1500 वर राहा. मधल्या एकाच पोर्टवर 1500 राहून गेलं की लॉगिन होतं, छोट्या मागण्या चालतात, मोठ्या मध्येच अडकतात, आणि शोधणाऱ्याचा जीव जातो. माउंटच्या ओळीत नेटवर्कची वाट पाहण्याचा पर्याय घाला, नाहीतर मशीन सुरू होताना नेटवर्कआधीच डिस्क शोधत बसेल. एनएफएस वापरत असाल तर सॉफ्ट माउंटच्या फंदात पडू नका.

एक लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली एक डिस्क, एकाच सर्व्हरला द्या. ईएक्सटी4 किंवा एनटीएफएस असलेली एकच लन दोन सर्व्हरांना एकदम दिली, तर दोघेही तिला आपली एकट्याची समजून लिहितात आणि फाइलसिस्टिमचा चुथडा होतो. वाटून वापरायची असेल तर जीएफएस2, ओसीएफएस2, व्हीएमएफएस अशी त्यासाठी बनलेली फाइलसिस्टिम लागते, नाहीतर सरळ एनएफएस.

आणि हे सगळं झालं की पुरवठादाराला समोर उभं करून, लिहिणं चालू असताना, एक केबल उपसायला सांगा. मग एक स्विच बंद करायला सांगा. मग एक कंट्रोलर. प्रत्येक वेळी लिहिणं किती सेकंद थांबलं ते कागदावर लिहून त्याची सही घ्या. बिल त्यानंतर द्या. ही चाचणी फायबर चॅनेललाही लावा आणि आय-स्कझीलाही.

ज्या पॉलिटेक्निकांत हे शिकवायचं आहे त्यांनी तर पैशांची वाटच पाहू नये. लिनक्सच्या कर्नलमध्ये 2011 पासून एलआयओ टार्गेट आहे. दोन जुने पीसी, प्रत्येकात दोन नेटवर्क कार्डं, दोन स्वस्तातले स्विच, टार्गेटसीएलआय आणि ओपन-आय-स्कझी एवढ्यावर पूर्ण दोन वाटांची रचना उभी राहते. एका पीसीवरची फाइल दुसऱ्या पीसीत डिस्क म्हणून दिसू लागते. मुलांनी मग स्वतः केबल उपसावी, रिप्लेसमेंट टाइमआउट 5 आणि 120 दोन्ही ठेवून पाहावा, एका वाटेने आणि दोन वाटांनी, आणि लॉग वाचावा.