कौतुक झाकून ठेवू नका

माझी नऊ वर्षांची लेक तबला शिकते आणि मला तिचा अभिमान वाटतो. ती अजून चांगलं वाजवत नाही. दुगुणीत हात अडखळतो, खालीच्या ठिकाणी डग्गा बंद ठेवायचा तिथे नेमका वाजतो, समेवर पोचायला कधी अर्धी मात्रा उशीर होतो. तरीही घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की आमची पोर तबला वाजवते. घरातली वडीलधारी मंडळी यावरून मला दटावतात. पोरांचं तोंडावर कौतुक करू नये, डोक्यात जातं. आधी काही करून दाखवू दे, मग बोल. हे सांगणारी माणसं मायेची आहेत, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. मुलाच्या कच्च्या गाण्या-वाजवण्याचं कौतुक ते कच्चं असतानाच व्हायला हवं, आणि उघडपणे व्हायला हवं. पक्कं झाल्यावर कौतुक करायला सगळं गाव येतं. कच्चं असताना आई-बापांशिवाय कुणी नसतं.

माझं मिरजेत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्तीला येतात. आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की नाही ते मी सांगू शकतो. गाण्यातलं मात्र आमच्या घरात कुणालाच कळत नव्हतं. गावात मात्र संगीताची कमतरता नाही. सतारमेकर गल्लीतून गेलं की दारात वाळत ठेवलेले भोपळे दिसतात, आत कुणी तारा जुळवत असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे नामवंत गायक हजेरी लावतात. लहानपणापासून मी हे सगळं बाहेरून पाहत आलो. ते घरात आलं लेकीमुळे. शाळेत कुणाचा तबला ऐकून आली आणि मला क्लास लाव म्हणून मागे लागली.

तबला ऐकायला सोपा वाटतो. शेजारी बसून पाहिलं की त्यातलं कष्टाचं काम कळतं. ‘ना’ वाजवायचा तर अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवायची आणि तर्जनीनं चाटेवर आघात करायचा. बोट जास्त दाबलं तर नाद मरतो, टेकलंच नाही तर भलताच निघतो. डाव्या हाताचं मनगट डग्ग्यावर टेकवून बोटांच्या टोकांनी ‘घे’ काढायचा. हे दोन्ही एकाच क्षणी पडले तर ‘धा’ होतो. एक हात जरा मागे राहिला की दोन सुटे आवाज ऐकू येतात. सुरुवातीला लेकीचे ते सुटेच यायचे. पाय आखडायचे, बोटं दुखायची, रडूही यायचं. मग एका संध्याकाळी दोन्ही हात एकत्र पडले आणि खोलीभर घुमणारा खरा ‘धा’ निघाला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “हा बरोबर आला बघ.” तिनं तोच बोल मग कितीदा तरी वाजवला. लोकांना त्यात एक अक्षर ऐकू आलं असतं. मला त्यामागचे सगळे सुटे आवाज माहीत होते, म्हणून मला अभिमान वाटला.

कौतुकानं मुलं बिघडतात या भीतीवर माझं उत्तर एवढंच, की कौतुक खरं असावं. हातातला मोबाइल न सोडता म्हटलेलं “छान, छान” मुलांना लगेच ओळखू येतं. त्याऐवजी “आज घे जास्त घुमला”, “काल याच जागी लय पळत होती, आज पळाली नाही”, असं सांगून बघा. त्यानं पोर हुरळत नाही, उलट पुन्हा वाजवायला बसते. मात्र असं बोलायचं तर रोज ऐकावं लागतं. दुकान बंद करून आल्यावर मी तिच्याजवळ बसतो, मोबाइलवर लेहरा लावतो आणि हातानं टाळी-खाली धरतो. तीनतालाच्या सोळा मात्रा मला तिनंच शिकवल्या. बापाला आपण काही शिकवतोय, याचा तिला केवढा आनंद! माझ्या मते पालकांचा अभिमान असा असावा. त्यानं रोजचा थोडा वेळ द्यावा आणि कान द्यावा.

मोठ्या घराण्यांतही अभिमानाचं रूप हेच दिसतं. लतादीदींनी मुलाखतींत सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. मास्टर दीनानाथ एका शिष्याला तालीम देत होते. ते बाहेर गेले असताना शिष्याची जागा चुकली आणि छोट्या लतानं ती गाऊन दाखवली. वडिलांनी हे ऐकलं, त्यांना कौतुक वाटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीला उठवून शिकवायला सुरुवात केली. उस्ताद झाकीर हुसेन सांगत, की ते जन्मले तेव्हा वडील अल्लारखाँ यांनी त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. दोन्ही बाप आपापल्या कलेत श्रेष्ठ होते. पण त्यांनी आपल्या कौतुकाचं केलं काय, हे पाहण्यासारखं आहे. त्यांनी ते मुलाला रोज दिलं.

कुणी म्हणेल, ती मुलं अलौकिक होती, आपली साधी आहेत. म्हणूनच मला जवळच्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण महत्त्वाची वाटते. वडील कीर्तनकार, लहानपणी झालेल्या अपघातानं दृष्टी अधू झालेली. ते इथे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. उस्तादांच्या घरात नाहीतर दरबारात मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली, सामान्य घरांतल्या मुलांसाठी. त्या घरांत मुलीही होत्या. मोटारी दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आज फी भरून तबल्याच्या वर्गात बसते, प्रारंभिक परीक्षेची तयारी करते, याची मुळं तिथे आहेत. हा सगळा खटाटोप दर गावात एक झाकीर हुसेन निपजावा म्हणून झालेला नाही. संगीत साध्या मुलांसाठीही आहे, हे त्यानं मान्य केलं. मग साध्या मुलांच्या साध्या प्रगतीचा अभिमान बाळगायला आपण का कचरतो?

याचं एक कारण म्हणजे अभिमानाला आपण बक्षिसाची अट घातली आहे. ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’च्या त्या गाजलेल्या पर्वात, २००९ मध्ये, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. अंतिम फेरीतल्या पाच मुलांनी अभंग आणि नाट्यगीतं घराघरांत नेली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण तेव्हापासून अनेक पालक पहिल्याच महिन्यात क्लासच्या सरांना विचारतात, “स्टेजवर कधी जाईल?” दुसरीकडे दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. सवलत चांगलीच आहे. पण गुण पदरात पडले की पेटी माळ्यावर जाते, असंही मी आसपास पाहतो. चषक आणि गुण हेच मोजमाप ठरलं, तर अलंकार घोकणाऱ्या, एकच कायदा रेटणाऱ्या मुलाला घरात कौतुक मिळायला बरीच वर्षं थांबावं लागेल. बहुतेक मुलं त्याआधीच सोडतात.

म्हणून घराबाहेरही काही बदलायला हवं. शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच होतातच. त्यात थोडा वेळ शिकाऊ मुलांना द्यावा. कुणी पेटीवर भूपाचा आरोह-अवरोह वाजवेल, कुणी बासरीवर एखादी धून, कुणी तबल्यावर नुसता ठेका. निवड नको, क्रमांक नको. गणेश मंडळांनी आरतीनंतरचा अर्धा तास गल्लीतल्या मुलांना द्यावा; मांडव असतो, माइक असतो, ऐकायला माणसं असतात. शेजाऱ्यांनाही विनंती आहे. वरच्या मजल्यावरून संध्याकाळी तोच तोच बोल ऐकू येतो तेव्हा दार वाजवण्याआधी थोडं थांबा. वेळ ठरवून घ्या, रात्री उशिरा नको म्हणा, ते रास्तच आहे. पण जिन्यात मूल भेटलं तर “काल ऐकलं हं तुझं” एवढं म्हणा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू असं म्हणतात, आणि त्या दिवशी लेक सांगितल्याशिवाय तबल्यावर बसते.

माझी लेक पुढे तबलजी होईल का, मला माहीत नाही. उद्या तिचं मन गणितात रमेल, खेळात रमेल, कदाचित ती तबला सोडेलही. तरी आजचा माझा अभिमान वाया गेला असं मी म्हणणार नाही. अवघड गोष्ट चुकत-चुकत, रोज थोडी बरी करत नेता येते, हे ती आज बोटांनी शिकते आहे. आणि ते चुकत असतानाही आपलं माणूस शेजारी बसून ऐकतं, हेही तिला कळतं आहे. हा विश्वास तिला कुठल्याही क्षेत्रात उपयोगी पडेल. तेव्हा ज्यांच्या घरात कुणी नुकतं सा लावायला शिकतंय, त्या आई-बापांना माझं सांगणं आहे: आज मूल रियाजाला बसलं की टीव्ही बंद करा, जवळ बसा, आणि जे चांगलं जमलं ते तिथल्या तिथे, त्याचं नाव घेऊन सांगा.