भुकेचा चाबूक

‘हाती फुकटचा पैसा पडला तर कामाला कोण येणार?’ असा सवाल बागायतदारांच्या बैठकीतून आणि शहरी सुखवस्तूंच्या दिवाणखान्यांतून एकाच सुरात विचारला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ‘माझी लाडकी बहीण’ योजना आणून पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देऊ केले, तेव्हापासून या सवालाला विशेष धार चढली आहे. ही योजना म्हणजे मूलभूत उत्पन्नाची हमी नव्हे. तो सर्व नागरिकांचा हक्क नाही आणि ती रक्कम जगण्यास पुरेशीही नाही. तथापि तिच्यावरचा आक्षेप तोच आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हिशेब पाहावा. दरमहा १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्याने शेतमजूर स्त्री खरोखरच घरी बसत असेल, तर त्यातून तिचा आळस सिद्ध होत नाही; तिला देऊ केलेली मजुरी किती हीन आहे, एवढेच सिद्ध होते. आवक घटली की भाव चढणारच, हा नियम बागायतदाराला स्वतःच्या मालापुरता मान्य असतो. श्रमाच्या बाबतीत मात्र त्याला एकाएकी नीतिशास्त्र आठवते!

ज्यांना आळशी म्हणून हिणवले जाते, त्यांचा इतिहास काय सांगतो? १९७२ च्या दुष्काळात या राज्यातील लक्षावधी स्त्री-पुरुष भर उन्हात खडी फोडत आणि पाझर तलावांची माती वाहत होते. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, तेव्हाही तुटपुंज्या मजुरीसाठी हीच माणसे कामावर आली.

विनाअट पैसा देऊन झालेले प्रयोगही आहेत. मध्य प्रदेशातील काही खेड्यांत २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने प्रौढांना दरमहा प्रथम २०० व पुढे ३०० रुपये आणि मुलांना त्याच्या निम्मे दिले. लोकांनी काम टाकले नाही. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून ते स्वतःच्या तुकड्यात अधिक राबू लागले. फिनलंडने २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले. त्यांच्या कामाचे दिवस घटले नाहीत, किंचित वाढलेच. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात १९७० च्या दशकात अशी हमी दिली गेली, तेव्हा काम थोडे घटले, ते मुख्यतः तान्ह्या मुलांच्या मातांचे आणि शाळेत टिकून राहिलेल्या मुलांचे. यास समाजाची हानी कोण म्हणेल? हे प्रयोग अल्पकालीन होते, आजन्म हमीचा निर्णायक पुरावा म्हणून ते अपुरे आहेत, हे मान्य करावयास हवे. परंतु आक्षेपकांपाशी तेवढाही पुरावा नाही.

वस्तुतः ‘लोक काम करतील का?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘लोक आमच्या अटींवर काम करतील का?’ असा आहे. उचल घेऊन फडात उतरणाऱ्या ऊसतोड जोडप्याला मुकादमाशी घासाघीस करता येत नाही, कारण पावसाळ्यात खाल्लेले धान्य त्यांच्या मानेवर बसलेले असते. घरात चार महिन्यांची भाकरी निश्चित असती, तर तेच जोडपे कोयता खाली ठेवून आधी दर विचारते. हमीची भीती वाटते ती या विचारण्याची. वडिलार्जित इस्टेट, घरभाडे आणि लाभांश यांवर बसून खाणाऱ्यांच्या कार्यप्रवृत्तीची चिंता मात्र कोणी वाहत नाही.

कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. रोख रक्कम हाती देऊन रेशन, शाळा, दवाखाना आणि रोजगाराचा हक्क काढून घेण्याचा डाव जेथे दिसेल, तेथे तो हाणून पाडला पाहिजे. उत्पन्नाची हमी हवी ती या हक्कांच्या जोडीला, त्यांच्या बदल्यात नव्हे. आणि पारावर कोणी ‘मग मजूर कोठून आणायचे?’ असे विचारले, तर उत्तर सोपे आहे: मजुरी वाढवा. भुकेच्या चाबकावाचून ज्यांचा धंदा चालत नाही, त्यांच्यासाठी तो चाबूक जपून ठेवण्याची जबाबदारी समाजाची नाही.